विक्रीकराच्या नंबरासाठी दिलेली बादली

रबरी शिक्क्याच्या शाईचा वास आला की मला आजही किळस येते. बोरी अरबला मी पत्र्याच्या बादल्या ठोकून विकायचो. वर्षाची विक्री सरकारी मर्यादेपलीकडे गेली, म्हणून विक्रीकराच्या नोंदणीसाठी यवतमाळच्या कचेरीत गेलो. पान चघळत कारकुनानं जात विचारली. मी ‘बौद्ध’ म्हणताच त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला आणि माझा अर्ज पट्टीच्या टोकानं ओढला. शिक्का मारून म्हणाला, “नंबर भेटते. घरी प्याच्या पान्याले एक बादली आणून देजो.” माझ्या हातच्या कागदाचा त्याला विटाळ होता, माझ्या हातच्या बादलीचा नव्हता! त्या माणसाबद्दलची माझी किळस केव्हाच ओसरली. दुसऱ्याच दिवशी दुकानातली सगळ्यांत चांगली बादली निवडून त्याच्या दारात ठेवून आलेल्या स्वतःबद्दलची मात्र अजून ओसरलेली नाही.