सिंहाच्या हातांची खुर्ची

आमच्या चर्चच्या दगडी पायऱ्या उंच आहेत. गुडघे गेल्यापासून आईला त्या चढवेनात. ती खाली कडुलिंबाच्या सावलीत ऑटोतच बसून भोंग्यावरून उपासना ऐकायची, आणि पाळक प्रभुभोजनाची भाकर तिच्यापर्यंत आणून द्यायचे.

"घरपोच मिळते मले," ती म्हणायची. "पण सगळ्यांसोबत वेदीपाशी जायचं हाय गा एकदा."

रॅम्पसाठी विटा आल्या होत्या, रेती आली होती, मंडळीतले दोन गवंडी तयार होते. तेवढ्यात भागातल्या एका नेत्याने "रॅम्प मीच देतो" म्हटले आणि आमची कमिटी हरखली. नेत्याने पहिली कुदळ मारेपर्यंत विटेला हात लावायचा नाही, हा आपल्याकडचा रिवाज. बाप्तिस्मा घेऊनही तो सुटत नाही. नाताळ गेला, ईस्टर गेला, रेतीत गवत उगवले. दर रविवारी आम्ही राज्यकर्त्यांसाठी देवाकडे प्रार्थना करायचो आणि उरलेला आठवडा राज्यकर्त्याच्या पीएकडे.

अखेर एक रविवार ठरला. महाल भागातल्या मंडपवाल्याकडून लाल मखमलीची, सोनेरी सिंहांच्या हातांची खुर्ची आली. लग्नात नवरदेवाला देतात ती. कुदळीला फीत बांधली. साहेबांसाठी उपासना थांबवली. ऊन चढले, गायकमंडळी हारांवरच्या माशा हाकत बसली. मग फोन आला. साहेब नरखेडकडे संत्रा बागायतदारांच्या मेळाव्याला गेले होते.

"पुढच्या रविवारी नक्की म्हणते पीए," कमिटीचे अध्यक्ष म्हणाले.

ऑटोतून आईचा आवाज आला, "काहून गा, देवालेही पुढच्याच रविवारी बोलावलं का?"

आधी पाळक हसले, मग सगळे. पाळकांनी घंटा वाजवायला सांगितली. दोघा गवंड्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिले, मग आईकडे.

"काकू, बसा."

"याच्यावर? मी काय नवरदेव हाय?"

"बसा ना, काकू."

चौघांनी खुर्ची उचलली. मंडपवाला मागून ओरडला, "भाऊ, सिंह सांभाळा! नुसते चिकटवले हायेत!"

अर्ध्या पायऱ्यांवर आई म्हणाली, "छप्पर तं नाही फोडत ना गा?" चौघा मित्रांनी छप्पर उघडून ज्याला खाटेसकट येशूपुढे सोडले, तो पक्षाघाती तिला आठवला होता. त्या चौघांनीही कोणाच्या मंजुरीची वाट पाहिल्याचे शुभवर्तमानात नाही.

वेदीपाशी सगळ्यांच्या ओळीत तिने भाकर घेतली. मी बराच वेळ ट्यूबलाइटकडे पाहत होतो.

राज्यकर्त्यांच्या प्रार्थनेपाशी पाळक जरा अडखळले. आई खुर्चीतूनच म्हणाली, "मागा त्याच्यासाठी. देवाचं काम त्याच्या डोक्यावर ठेवलं आपण, त्याले कसं झेपन?"

उपासना संपल्यावर चौघांनी तिला खाली आणले आणि तिने स्वतःच कुदळीची फीत सोडली. "मारा आता," ती गवंड्यांना म्हणाली. कमिटीच्या अध्यक्षांनी कोट काढून घमेले धरले.

रॅम्पचा चढ अंमळ जास्त झाला आहे. आई काठी टेकत दर रविवारी तो चढते आणि वर पोचेपर्यंत दोन्ही गवंड्यांना नावे ठेवते. ते मागे चालत ऐकून घेतात.