घडीवरचा चेहरा

गुरुवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. मास्तरांनी कागद मधोमध दुमडून खिडकीच्या काचेवर धरला आहे आणि उजेडात दिसणारी पेन्सिलीची रेघ ते मागून गिरवताहेत. एक डोळा, अर्धं नाक, ओठांचा एक कोपरा. कागद उलगडला की बायकोचा चेहरा पूर्ण होईल.

मास्तर शिंपी. बेचाळीस वर्षांत त्यांनी शर्टाची पाठ कधी पूर्ण आखली नाही. कापड दुमडायचं, घडीवर अर्धी पाठ आखायची, कापून उलगडायची. दोन्ही खांदे आपोआप सारखे.

चौदा महिन्यांपूर्वी बायकोला पक्षाघाताचा झटका आला. हात बराचसा सुधारला, बोलणंही. चेहऱ्याची डावी बाजू तेवढी उतरलेलीच राहिली. तेव्हापासून ती फोटो काढू देत नाही. परदेशातल्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला की फोन छताकडे धरते.

"आई, पंखा बरा आहे ना?" लेक विचारते.

आईचा एखादा तरी फोटो पाठवा, असा तिने हट्ट धरला तेव्हा आई म्हणाली, "यांनी हाताने काढलं तर बसेन. हे शिकेपर्यंत माझा चेहरा होईल सरळ."

तिने गंमत केली होती. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. सोळा आठवडे, दर बुधवारी संध्याकाळी. आधी रेघा, मग गोल, खोके, उजेड-सावली, कापड, हात. चेहरा पंधराव्या आठवड्यात, म्हणजे कालच.

शिकवणारी बाई त्यांच्या लेकीहून लहान. तिसऱ्या आठवड्यात समोर खोका ठेवला, तर मास्तरांनी टेपने सगळ्या कडा मोजल्या आणि सारख्याच काढल्या.

"मास्तर, टेप खिशात ठेवा. दिसतो तसा काढा."

"बाई, दिसतं तसं शिवलं तर गिऱ्हाईकाचं पोटावरचं बटण लागायचं नाही."

वर्ग हसला. मास्तरांनी खोका खोडला. कापडाच्या चुण्या काढायच्या आठवड्यात मात्र सगळा वर्ग त्यांचा कागद बघायला उठून आला. बाईंनी विचारलं, घाई असेल तर चेहरा आधी घ्यायचा का? मास्तर नको म्हणाले. कॉलर काही आधी लावत नाहीत.

त्याच सुमारास डॉक्टरांनी सांगितलं, जेवढं सुधारायचं तेवढं सुधारलं. मास्तरांनी हे घरी सांगितलं नाही.

गुरुवारी सात वाजता बायको उठून खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. मास्तरांनी कागद तिच्या मांडीवर उलगडला. तिने बराच वेळ पाहिलं.

"छान जमलंय. नाक जरा मोठं झालंय."

"पहिल्यापासूनच आहे."

"पाठवा लेकीला, तिला आवडेल." मग म्हणाली, "माझं कधी काढताय?"

"हे काय? तूच आहेस ही."

"ही गेली, अहो. डॉक्टर काय म्हणाले ते मला ठाऊक आहे. मीच विचारलं त्यांना." तिने कागद परत दिला. "चौदा महिने तुम्ही माझ्या उजवीकडेच बसताय. जेवताना, टीव्ही बघताना. या बाजूला बघितलंच नाही तर काढणार कसं?"

"तिकडे कपाट आहे. स्टूल मावत नाही."

"कपाट सरकतं."

मास्तरांनी कपाट सरकवलं, स्टूल तिच्या डावीकडे ठेवलं आणि न दुमडलेला नवा कागद घेतला. डाव्या डोळ्याची खालची पापणी दोनदा काढली, दोनदा खोडली. त्या डोळ्यातून पाणी आलं. ती रडत नव्हती. तो डोळा नीट मिटत नाही, त्यामुळे पाणी येतच असतं. मास्तरांना हे माहीत होतं. तरी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

पाऊण तासात एक डोळा झाला. आठ वाजता व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या आणि काम थांबलं.

त्या उद्याही आठलाच येतील. सात ते आठ बायको खिडकीजवळ बसणार आहे, आणि उद्या ओठांचा डावा कोपरा काढायचा आहे.