उडून जाईन सारं

वर्ध्यात मे महिन्यात पंखा बंद करायला लावणारा माणूस कुणाला आवडेल? आमच्या कॉलेजातले एक सर लावायचे. धानाची टरफलं भट्टीत भाजून ते सिलिकॉन कार्बाइडची नॅनो भुकटी बनवत आणि तिची बॅटरी करून बघत. भुकटी इतकी बारीक, की शिंकेनेही उडायची. डबी उघडताना ते ओरडत, "पंखा बंद कर न बाप्पा, उडून जाईन सारं!" मग श्वास रोखून चमचाभर काढत, झाकण लावत आणि मोठ्ठा श्वास सोडून म्हणत, "जमलं." घामाने भिजलेले आम्ही दातओठ खायचो.

यंदा वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्या. रक्षा सोडायला आम्ही पवनारला धाम नदीवर गेलो. वारा सुटला होता. सरांनी पाण्यात गुडघे टेकले, वाऱ्याकडे पाठ केली, श्वास रोखला आणि कलश पाण्याला टेकवून हळूहळू वाकवू लागले.

"दादा, पाण्यातच तं सोडाची आहे," धाकटा भाऊ म्हणाला. "थोडी उडाली तं काय होते?"

सरांनी कणभरही उडू दिली नाही. कलश रिकामा झाला, धुऊनही झाला. मी त्या 'जमलं'ची वाट बघत होतो.

शेवटी भावानेच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "दादा, श्वास तं घे."