पुडी, उपवास आणि झोपलेली ग्रंथी

"अंकल, घर में कोई दवा चल रही थी? गोली, चूरन, पुड़िया, कुछ भी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं. ब्लड प्रेशर इतकं उतरलं होतं की उशीवरून डोकं उचललं तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण खोटं बोलण्यापुरती ताकद शिल्लक होती.

पलंगाच्या पायथ्याशी उभी असलेली माझी बायको सुनंदा भडकली. "काहून लपवून राहिले जी? जीव चालला तरी लाज नाही सुटत का तुमची?" असं म्हणत तिने घरून सोबत आणलेल्या माझ्या डब्याच्या पिशवीतून वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी काढली आणि बाईंच्या हातात ठेवली.

बाईंनी आतली पांढरी पूड पाहिली. मग माझा गोल गरगरीत चेहरा, काटकुळे पाय आणि हातांवरचे निळे डाग पाहिले. "इसमें स्टेरॉइड मिला लगता है. कब से खा रहे थे? और बंद कब की?"

वर्षभरापासून खात होतो. बंद केली घटस्थापनेच्या दिवशी.

आता थोडं मागे जातो. मी इकडे हिंदी मुलखात, खमरियाच्या कारखान्यात तपासणीचं काम करतो. हातात मापाचं गेज, समोर नगांचा ढीग. केसाएवढा फरक निघाला तरी नग बाजूला. माझ्या पाठीमागे लोक मला खडूस म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्याचा मला अभिमानच होता.

दिवसभर उभं राहून माझा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, वजन कमी करा म्हणाले. ते कोण करतं! कुणीतरी इथून जवळच्याच पाटनकडच्या एका खेड्यातल्या दवावाल्याचं नाव सांगितलं. त्याच्या तीन पुड्यांत मी जिना धावत चढलो. पुडीवर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. हा माल मी न तपासता पास केला.

एवढंच करून थांबलो असतो तर बरं. पण मी कारखान्यात जाहिरात केली. दर दुसऱ्या रविवारी स्कूटरवर जायचो आणि माझ्यासकट सहा जणांच्या पुड्या पिशवीत घालून आणायचो. त्यात दुबेजी पहिले. वीस वर्षं आमची टेबलं शेजारी आहेत. त्यांची कंबर दुखायची, ती थांबली. ते मला डॉक्टर साहब म्हणायला लागले आणि मी फुगलो.

आमचं घराणं मूळचं नागपूरकडचं. घरी घट बसतात. नऊ दिवस मी फक्त फळं आणि दूध घेतो, आणि औषधाचा कणही नाही, हा वडिलांपासूनचा नेम. मागच्या नवरात्रातही मी नऊ दिवस पुडी बंद ठेवली होती, पण तेव्हा ती नुकतीच सुरू झालेली, म्हणून काही झालं नाही. या वेळी मात्र ती अंगात मुरली होती.

तिसऱ्या दिवशी पाय जड झाले. पाचव्या दिवशी ओकाऱ्या. सगळे म्हणाले, उपवास बाधला. मीही तेच म्हणालो. अष्टमीच्या सकाळी आरतीचं ताट हातातून सुटलं आणि पाठोपाठ मीही खाली. शुद्ध आली तेव्हा हॉस्पिटलात होतो.

बाईंनी कॉर्टिसॉल तपासायला रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. दुपारी मी उठून बसलो आणि चहा मागितला. सुनंदा तेव्हा रडली. सकाळपासून तिला वेळच मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला समजावलं. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, अ‍ॅड्रिनल. त्या कॉर्टिसॉल बनवतात. ताप आला, उपास घडला, धक्का बसला की हेच रसायन रक्तदाब आणि साखर सावरून धरतं. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी रक्तातलं प्रमाण सारखं तपासत असते. कमी पडलं की हुकूम सोडते, पुरेसं असलं की गप्प बसते. पुडीतलं स्टेरॉइड अगदी कॉर्टिसॉलसारखं. पिट्युटरीला वाटलं माल भरपूर आहे. तिने हुकूम बंद केले आणि खालच्या ग्रंथी झोपी गेल्या, आकसल्या. मग मी एका दिवसात पुडी सोडली. आत कुणीच कामावर नव्हतं.

म्हणजे माझ्या शरीरातही एक तपासणी विभाग होता आणि तो चोख होता. मीच त्याला खोटा माल दाखवला.

"वो फिर जागेंगी?" मी विचारलं.

"ज़्यादातर जाग जाती हैं. महीने लगेंगे. स्टेरॉइड की ही गोली देंगे, धीरे-धीरे घटाएँगे. अपने मन से एक दिन भी बंद नहीं करनी."

तिसऱ्या दिवशी दुबेजी भेटायला आले. सुनंदाने त्यांना फोनवर पुडीचं सगळं सांगितलं होतं. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "भैया, हमने तो परसों ही सब नाली में बहा दी. छूते भी नहीं अब." मोठ्या कौतुकाने सांगत होते. सुनंदाने केळं पुढे केलं तर नको म्हणाले. दोन दिवस अन्नावर वासना नव्हती म्हणे.

मी जे नवरात्रात केलं तेच हा माणूस माझी गत ऐकून करत होता. मी सलाइनच्या हातानेच सिस्टरला बोलावण्याची घंटा दाबली आणि सोडलीच नाही.

बाईंनी दुबेजींना तिथेच तपासलं. प्रेशर कमी निघालं. त्यांना त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. मग मी पलंगावरून उरलेल्या चौघांना एकेक करून फोन लावले. म्हणालो, पुडी मी आणली, चूक माझी. आता दोन गोष्टी करा. फेकू नका, आणि ती घेऊन आजच डॉक्टरकडे जा. एकाने शिव्या दिल्या. त्या मी ऐकून घेतल्या. पण चौघेही गेले.

तुमच्या घरात अशी बिननावाची पुडी असेल तर तुम्हालाही हेच सांगतो. डॉक्टरला दाखवायची लाज वाटू देऊ नका, आणि घाबरून एकदम बंदही करू नका.

पुढचे महिने सोपे नव्हते. गोळी कमी झाली की अंगातलं त्राण जायचं. गुडघा परत ठणकायला लागला. ठरावीक दिवशी सकाळी आठला, गोळी घेण्याआधी, आमच्याच शहरातल्या गोरखपूर भागातल्या लॅबमध्ये रक्त द्यायचं. दुबेजी माझ्या स्कूटरवर मागे बसायचे. दोघांचे कॉर्टिसॉलचे आकडे तळाशी. मग माझा आकडा हलला, वाढला, आणि आठव्या महिन्यात बाई हसून म्हणाल्या, "जाग गई." माझी गोळी सुटली.

दुबेजींचा आकडा मात्र हलेना. माझं रक्त देणं संपलं तरी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेत राहिलो. माफी मागायला तोंड उघडायचो, तर ते सिग्नल बघा म्हणायचे.

परवा त्यांचा नवा रिपोर्ट मिळाला. लॅबच्या पायरीवर त्यांनी लिफाफा न उघडताच माझ्या हातात दिला.

"तुम जाँचो. इंस्पेक्टर तुम हो."

मी चष्मा पुसला. आकडा वाचला, शेजारी छापलेली नॉर्मल मर्यादा वाचली, कागदावरचं नाव त्यांचंच आहे ना ते पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दुबेजी माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"पास," मी म्हणालो, आणि कागद त्यांच्या हातात दिला.