उणे तीसची तयारी

अख्ख्या अंबरनाथमध्ये उणे तीस अंशांत राहायची तयारी झालेला एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो, तेही मला साडूभाऊच म्हणतात, त्यामुळे आमचं फोनवरचं बोलणं ऐकणाऱ्याला कोण कोणाला झापतंय ते कळत नाही. झापायचं खातं माझ्याकडे. कारण ज्या गृहस्थाने उभ्या जन्मात महाबळेश्वरपलीकडची थंडी पाहिली नाही, तो सकाळ-संध्याकाळ मोबाईलवर अमेरिकेतली चाकांवरची घरं बघत बसायचा आणि बर्फात बारा महिने राहायला त्यातलं कुठलं बरं, याची तुलना करायचा. घामाने बनियन पाठीला चिकटलेलं, आणि तोंडाने चाललंय, "ह्याची हीटर लाईन टाकीखालून जाते, त्याची नाही जात. त्याची टाकी गोठणार, साडूभाऊ."

चाकांवरचं घर म्हणजे नटनट्यांची व्हॅन नव्हे, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी मी सांगेन. पुढे दणकट पिकअप ट्रक, त्याच्या हौद्यात मधोमध लोखंडी जोड, आणि घराचं पुढे आलेलं नाक त्या जोडावर टेकतं. त्याला म्हणायचं फिफ्थ व्हील. झोपायची खोली त्या नाकात, दोन पायऱ्या चढून वर. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी हे नवरदेवाच्या वडिलांना पंगतीत बसून समजावलं. ताट म्हणजे ट्रक, मूद म्हणजे जोड, आणि त्यावर बासुंदीची वाटी म्हणजे घर. वळण घेताना वाटी कलंडली. व्याही भला माणूस, सोवळं झटकत म्हणाला, "मागे बांधलं असतं तर नसतं का सांडलं?" मागे का बांधायचं नाही, हेच साडूभाऊंनी त्यांना उरलेला वेळ समजावलं.

भिंत ठोकून बघायची खोड तर जुनीच. ते आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होते, तिथे आइस्क्रीम आणि मासे नेणाऱ्या गाड्यांच्या गार पेट्या बनत. दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेली जाड पॅनेलं जोडायची, हे त्यांचं काम. नोकरी संपली तरी हाताची सवय गेली नाही. बदलापूरला आमच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती, तर हे होम सोडून बोटाच्या पेराने भिंती वाजवत फिरले. गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी पाहून आले आणि भर पंगतीत म्हणाले, "टाकीला काही आवरण नाही. उणे वीसला पाईप फुटतील."

"बदलापुरात उणे वीस?" मी म्हटलं.

"तुमचं बदलापूर आमच्यापेक्षा गारच आहे," ते म्हणाले आणि जिलबी मागून घेतली.

आम्ही हसायचो. पण हा नाद कुठून लागला ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून हसूनही फार हसवत नसे. ताईंच्या, म्हणजे माझ्या मेहुणीबाईंच्या, किडन्या गेल्या होत्या. डायलिसिस घरच्या घरी. पोटात नळी, आणि दिवसातून तीन-चार वेळा पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी काढायचं. पाण्याचे खोके महिन्याचे एकदम येत, दिवाणखान्यात छताला लागत. पिशवी कोमट करून लावावी लागे. जरा कमी कोमट राहिली की ताईंना आतून हुडहुडी भरायची, दात वाजायचे. एरवीही त्या मे महिन्यात शाल पांघरून बसायच्या. आणि या बाईची हौस कसली, तर बर्फ बघायचा. मनालीची तिकिटं काढलेली असताना दुखणं उपटलं होतं. डॉक्टर म्हणाले, पिशवीवर आहात तर फिरता येईल की, फक्त जागा स्वच्छ आणि उबदार हवी. त्या दिवसापासून साडूभाऊ चाकांवरच्या घरांच्या मागे लागले.

शेवटी दोन घरं उरली होती, एक लाल आणि एक पांढरं. लाल घराच्या टाक्या उबदार, पण खोके ठेवायला जागा कमी. पांढऱ्यात खोके मावत, पण खिडक्या एकेरी काचेच्या. यातलं एकही घर आपल्या घाटात वळणार नाही, इकडे मिळणार नाही, हे सांगायला मला कुणी नेमलं नव्हतं, तरी मी सांगितलं. ताई शालीतून म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा हो. ते कुठलं घ्यायचं ते बघतायत ना, मग मी बर्फातच आहे."

मी गप्प बसलो. साडूभाऊ बसले नाहीत. त्यांनी राहत्या घरातल्या झोपायच्या खोलीचं फिफ्थ व्हील करायला घेतलं. जुन्या कारखान्यातून टाकाऊ पॅनेलं टेम्पोत घालून आणली. सांध्याला लावायची रबरी पट्टी हवी म्हणून उल्हासनगर कॅम्प दोनला गेले, मलाही ओढलं. दुकानदार सिंधी, वयस्कर. त्याने विचारलं, "साईं, कोल्ड स्टोरेज खोल रहे हो?" साडूभाऊ म्हणाले, "नहीं, उलटा. ठंड बाहेर रखने का है." दुकानदाराने एकदा बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि पट्टी कापून दिली.

खोली मात्र झकास झाली. दार लावलं की बाहेरच्या रिक्षांचा आवाजसुद्धा आत येत नसे. पिशव्या ठेवायला कोमट कप्पा केला होता. मी आत पाच मिनिटं बसलो आणि शर्ट पिळून बाहेर आलो. ताईंनी मात्र कित्येक महिन्यांनी शाल काढून ठेवली. माणूस एका गोष्टीत चुकला. चाकांवरच्या मूळ घरात पलंग दोन पायऱ्या वर असतो, म्हणून यांनीही पलंग दोन पायऱ्या वर केला. नाक नाही, ट्रक नाही, पायऱ्या मात्र आहेत. माझी बायको जाम चिडली, "अहो, तिला जमिनीवर धड उभं राहवत नाही." तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. मग ताईंना उचलून वर ठेवू लागले. पायऱ्या काढेन म्हणायचे, पण ताईच काढू देईनात.

डिसेंबरात ते ताईंना आमच्याकडे थंडी बघायला घेऊन आले. सकाळी बारवी धरणाच्या बाजूने धुकं येतं, तेवढंच आमचं भांडवल. ताई बाल्कनीत दोन शाली आणि माझी माकडटोपी घालून बसल्या. तोंडातून वाफ येते का ते त्यांनी पुन्हा पुन्हा फुंकून पाहिलं. थोडी आली. साडूभाऊ मागे पिशवी छातीशी धरून उभे होते, गार होऊ नये म्हणून.

उन्हाळा लागता लागता ताई गेल्या, दुपारच्या. मुलगी बंगळूरला, ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार होती. आपल्याकडे करतात तसं शेजाऱ्यांनी शवपेटी मागवली, ती काचेच्या झाकणाची, विजेवर चालणारी गार पेटी. दिवाणखान्यात खोक्यांशेजारी ती ठेवली, ताईंना आत निजवलं आणि बटण दाबलं. साडूभाऊ उठले, सवयीने पेटीची बाजू बोटाने वाजवली आणि म्हणाले, "चांगलं पॅनेल आहे." मग वाकून त्यांनी प्लग काढला.

कुणीतरी समजावलं, काका, सकाळपर्यंत ठेवायचंय. प्लग लावला. त्यांनी पुन्हा काढला. तिसऱ्यांदा मी त्यांचा हात धरला. ते माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "साडूभाऊ, तिला गार सोसत नाही हो."

मला रडू आवरलं नाही. प्लग मीच लावला. ते आत गेले, ताईंची शाल आणली आणि काचेवर पसरली, कडा नीट खोचल्या. सकाळी मुलगी येईपर्यंत ती शाल कुणी हलवली नाही.

आता ते एकटेच असतात. मी अधूनमधून जातो, त्या खोलीत घाम गाळत बसतो. मोबाईल चालूच असतो, लाल की पांढरं, अजून ठरलेलं नाही. परवा त्यांना जरा मोकळं वाटावं म्हणून मीच विषय काढला. म्हटलं, एकट्या माणसाला एवढं मोठं कशाला, एखादं लहान बघा की.

त्यांनी मान हलवली. "लहान नाही चालणार," म्हणाले. "तिचे खोके कुठे ठेवायचे मग?"

"बरोबर," मी म्हटलं. "मोठंच बघा." आणि सरकून त्यांच्या शेजारी बसलो.