शिट्टी कितीला पडली?

माझा नवरा वादिराज एका जागी बसलेला मी फक्त जेवताना पाहिलाय, आणि तेव्हाही त्याचा पाय हलत असतो. चेन्नईजवळच्या ओरगडमच्या एका कंपनीत त्याचं काम एवढंच: दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू खोलायच्या आणि त्या बनवायला खरा खर्च किती आला ते सांगायचं. हे वेड तो घरीही आणतो. बोलणारा आरसा, आपोआप फिरणारा झाडू, काहीही दिसलं की खिशातून स्क्रू-ड्रायव्हर बाहेर! "कितीला पडलं असेल, सांग नंदिता?" अरे बाबा, मी पुण्याहून मैलापूरला संसार करायला आले की भाव काढायला?

माझ्या सासूबाईंना, राजसबाईंना, ऐकू येईनासं झालं. कुकरच्या शिट्ट्या कळेनात, डाळ करपायला लागली. स्वयंपाकाला बाई ठेवू या, असं नुसतं निघालं तर त्यांनी जेवणच सोडलं. मग मी टी. नगरहून शिट्ट्या मोजणारी डबी आणली. तीन शिट्ट्या झाल्या की लाल दिवा लागतो. सासूबाईंना त्यांचं स्वयंपाकघर परत मिळालं.

"अडीच हजार? अय्यो! आत दोनशेचाही माल नसेल!" वादिराज म्हणाला, आणि मी आंघोळीला गेले तेवढ्यात डबी उघडून बसला. ती चिकटवलेली होती. कडकन तडा गेला, आतलं सगळं तुटलं. वर मला म्हणतो कसा, "बघ, दोनशेच्या आतच!" अशी भडकले मी! दुकानात दुसरी नव्हती. सासूबाई कुकरसमोर उभ्या राहायला लागल्या, नजर शिट्टीवर खिळवून. त्यांचे पाय सुजले, तेव्हा कुठे ह्याचा चेहरा उतरला.

सुटे भाग आणून त्याने स्वतः डबी जुळवली. पण दिवा रिक्षाच्या हॉर्नला लागे, मिक्सरला लागे, कावळ्यालासुद्धा!

"शिट्टी कुठली ते शिकवावं लागतं गं हिला," तो म्हणाला. "हा खर्च मी कधी धरलाच नाही."

मग रोज सकाळी स्वारी फोन घेऊन कुकरशेजारी पाटावर. शिट्ट्या रेकॉर्ड करायच्या, म्हणून पायसुद्धा गप्प. सासूबाई बाजूला घेवडा निवडत बसायच्या आणि दोन शिट्ट्यांच्या मधे त्याला त्याच्या लहानपणीचं काहीबाही सांगायच्या. महिना गेला.

परवा दिवा अगदी बरोबर तिसऱ्या शिट्टीला लागला. सासूबाईंनी गॅस बंद केला. "कितीला पडलं रे?"

तो त्यांच्या कानाशी वाकून ओरडला, "महागात पडलं, अम्मा!"

त्यांनी डबी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे उद्यापासून तू हितं बसायचा नाहीस," त्या म्हणाल्या. "मोड रे परत."