अण्णांचा हात आणि परदेशी यंत्र

आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, धारवाडच्या एका हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले. नवनगरला घर बांधून जरा कुठे स्वस्थ बसले, तर अर्धांगाचा झटका आला. पाय महिन्याभरात सावरला. उजवा हात मात्र कुणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखा मांडीवर पडून राहिला.

त्याच सुमारास हुबळीत, देशपांडे नगरातल्या एका डॉक्टरांनी परदेशातून यंत्र आणलं होतं. हात त्यात पट्ट्यांनी बांधायचा आणि यंत्र तो हलवणार. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले, अण्णांशी बोललेच नाहीत. ‘रोबोट थकत नाही,’ हे वाक्य मात्र त्यांनी तीनदा ऐकवलं. एका वेळचे आठशे रुपये, वीस वेळांचं पॅकेज, सगळे आगाऊ. माझ्या महिन्याच्या पगारात ते बसत नव्हते, तरी मी भरले. खरं सांगायचं तर ‘आम्ही रोबोट लावलाय’ असं नातेवाइकांना सांगायची मलाही हौस होती.

पहिल्या दिवशी पडद्यावर बाग दिसली. झाडावरचं सफरचंद टोपलीत टाकलं की यंत्र टाळ्या वाजवायचं. जन्मभर पोरांना भूमिती शिकवलेला माणूस ओठ घट्ट मिटून सफरचंदं वेचत होता.

बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, “किती वेळा हलला हात?”

“पडद्यावर अडीचशे लिहिलं होतं.”

“म्हणजे हात एकदा हलायचे तीन रुपये वीस पैसे. नि निम्मा भार त्या यंत्रानंच उचलला. टाळ्या मात्र मला.”

सहाव्या खेपेनंतर न थकणारा रोबोट बंद पडला. त्याचा भाग म्हणे परदेशातून यायचा होता. उरलेले पैसे मागितले, तर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, “मॅडम, पॅकेज रद्द होत नाही.”

आमच्या मागच्या गल्लीत सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाई राहत. त्या कामावरून परतताना यायला लागल्या. त्यांचं सगळं यंत्र म्हणजे टेबल, त्यावर घडी घातलेला टॉवेल आणि आईच्या डब्यातले जोंधळे. टॉवेल पुढे ढकलायचा, मागे ओढायचा. जोंधळे मुठीनं या वाटीतून त्या वाटीत टाकायचे. “कै म्याल एत्री, सर,” त्या कानडीत म्हणायच्या, आणि अण्णा घामाघूम होऊन हात वर उचलायला बघायचे. बाई टाळ्या वाजवत नसत. “इन्नोम्मे,” पुन्हा एकदा, एवढंच. दिवसातून तीनदा, त्यातलं एकदा बाईंसमोर, पाच आठवडे.

मग हुबळीच्या डॉक्टरांकडून फोन आला, यंत्र दुरुस्त झालंय. गेलो. चाचणी झाली. हाताच्या ताकदीच्या आलेखाची रेघ सहाव्या खेपेच्या मानानं चांगलीच वर चढली होती. डॉक्टरांनी कागद अभिमानानं माझ्यापुढे धरला. “बघा! ही टेक्नॉलॉजीची कमाल!”

“डॉक्टर,” अण्णा म्हणाले. त्या खोलीत ते पहिल्यांदाच बोलत होते. “ही रेघ वर गेली तेव्हा तुमचं यंत्र बंद होतं.”

डॉक्टरांनी कागदावरच्या तारखा पाहिल्या. क्षणभरच. मग म्हणाले, “पण पाया रोबोटनंच घातला ना! आता दुसरं पॅकेज घेतलंत तर दहा टक्के सूट देतो.”

अण्णा इतके मोठ्यानं हसले की बाहेर बसलेल्या पेशंटांनी दारातून डोकावून पाहिलं.

उरलेल्या चौदा खेपा मी हट्टानं पुऱ्या करून घेतल्या. त्यानं अपाय झाला नाही, थोडा उपयोगही झाला असेल. दुसरं पॅकेज अर्थातच घेतलं नाही. घरी टॉवेल चालूच राहिला. वर्षभरात अण्णा उजव्या हातानं भात कालवून जेवायला लागले. अक्षर मात्र परत आलं नाही. बँकेत ते डाव्या हातानं वेडीवाकडी सही करायचे, आणि कारकुनानं शंका काढली की त्याला शांतपणे म्हणायचे, “मीच आहे तो. बघा नीट.”